मी फॅटवरून दही जोखत होतो

दुधाची किंमत फॅटवर ठरते, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मला साखर निघाली तेव्हा दह्याची लायकीसुद्धा मी फॅटवरच ठरवली. फक्त उलटी. डेअरीवर ज्याच्या म्हशीला फॅट जास्त लागायची तो माणूस मिशीत हसत घरी जायचा. आता ज्या दह्यात फॅट शून्य ते मला चांगलं वाटायला लागलं. माप तेच, टोक तेवढं बदललं. ते मत आता माझं राहिलेलं नाही. ते कसं गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, ते सांगतो. आमच्याकडे साखरेची गोळी खाणारी माणसं आता पारावरही भेटतात आणि त्यातली बरीचशी दह्यापाशी येऊन अडतात: खावं का, कोणतं, किती.

माझं आयुष्य वसमत तालुक्यातल्या एका गावच्या दूध संकलन केंद्रावर गेलं. गावाच्या तोंडी ती 'डेअरी'. यंत्रं आली त्याच्या आधी आम्ही गर्बरवर फॅट काढायचो. नळीत १० मिली गंधकाम्ल, त्यावर अलगद १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, मग फिरवायचं. नळीच्या मानेत पिवळसर थर वर चढला की आकडा वाचायचा. म्हशीचं दूध ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, गाईचं ३.५ आणि ८.५, हे दरपत्रकातले आकडे मला पोरांच्या जन्मतारखांपेक्षा चांगले पाठ. दहा दिवसांच्या बिलात एखाद्याची फॅट घसरली की तो दारात येऊन उभा राही. पेंड कमी केली का, म्हैस गाभण आहे का, वासराला आधी पाजलं का, असा सगळा पंचनामा व्हायचा. एसएनएफवर मात्र कुणी भांडत नसे. ती कमी लागली म्हणजे पाणी घातलं, एवढाच तिचा अर्थ. तिच्या पोटात काय असतं, हे विचारायची वेळ कुणावर आली नाही. माझ्यावरही नाही.

मग आशाताई टेप घेऊन दारात आल्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो, त्यात कंबर मोजतात. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या. माझी किती भरली ते लिहीत नाही, पण ताईंनी टेप दोनदा लावून पाहिली. पुढं उपकेंद्रात बोटाला सुई, मग उपाशीपोटीचं रक्त, मग नांदेडचे डॉक्टर. त्यांनी जे सांगायचं ते नीट सांगितलं: गोड बंद, तेलकट-तुपकट कमी, वजन उतरवा, चाला. 'तुपकट' हा शब्द माझ्या कानाला सगळ्यात ओळखीचा. तो मी धरून ठेवला आणि बाकीचे सोडून दिले.

घरी म्हशीचं दूध. वाटी उपडी केली तरी पडणार नाही असं दही. ते मी बंद केलं. वसमतला गेलो की दुकानातल्या फ्रिजमधून ते छोटे कप आणायला लागलो. कुणावर कमी फॅट लिहिलेलं, कुणावर शून्य, वर स्ट्रॉबेरी नाहीतर आंब्याचं चित्र. दुपारच्या जेवणानंतर एक आणि रात्री वाटलं तर एक. मला ते औषधासारखं वाटायचं आणि लागायचं मात्र आइस्क्रीमसारखं. यातली विसंगती घरात एकटीलाच खुपली. बायको म्हणाली, "घरचं दही कडू झालं अन् दुकानातलं गोड लागाय लागलं व्हय? अहो, कशानं गोड लागतंय ते तरी बघा."

बघितलं ते पुतणीनं. ती परभणीला कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकते, सुट्टीला आली होती. तिनं रिकामा कप टोपलीतून उचलला, धुतला आणि उलटा करून माझ्यापुढं धरला. "काका, तुम्ही पुढचं वाचता. मागचं वाचा."

मागं बारीक अक्षरात तक्ता होता. दर १०० ग्रॅमला किती ऊर्जा, किती प्रथिनं, किती कर्बोदकं, त्यात एकूण साखर किती आणि वरून घातलेली साखर किती. आपल्याकडच्या लेबलच्या नियमांनुसार या दोन साखरा वेगवेगळ्या छापाव्या लागतात. साखरेच्या रोग्यानं डोळ्यांपुढं धरावी अशी ती ओळ. त्या कपात एकूण साखर १४ ग्रॅम होती. पुतणी म्हणाली, यातली चार-पाच ग्रॅम दुधाची स्वतःची, ती कुठल्याही दह्यात असणार. उरलेली ओतलेली. दोन चमचे भरून.

मग तिनं मला माझ्याच धंद्यातला प्रश्न घातला. "एसएनएफ म्हणजे काय सांगा." मी म्हणालो, फॅट सोडून जे घट्ट उरतं ते. "त्यात काय काय?" मी गप्प. तिनं पाटीवर मांडून दाखवलं. म्हशीच्या दुधाची एसएनएफ ९ धरली तर त्यात पाचच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, साडेतीनेक प्रथिनं, उरलेले क्षार. आयुष्यभर ज्या आकड्यावर मी पाणी पकडलं, त्या आकड्याचा निम्म्याहून जास्त भाग साखर होता. आणि उरलेल्यातलं जवळपास सगळं प्रथिन, जे मला हवं होतं. फॅट कुठं? ती या हिशेबातच नव्हती. रक्तातली साखर वाढवणारी गोष्ट फॅटच्या थरात नसते, ती खालच्या काळपट पाण्यात असते, हे नळीत रोज डोळ्यांसमोर असूनही मी कधी पाहिलं नव्हतं.

हिशेबाची सवय जुनी, म्हणून पुढचं गणित मी स्वतः केलं. ग्रॅमभर फॅटमागे ९ उष्मांक, ग्रॅमभर साखर किंवा प्रथिनामागे ४. घरचं म्हशीचं दही १०० ग्रॅम: फॅट साडेसहा, प्रथिनं चार, साखर साडेचार. बेरीज ९२ च्या आसपास. दुकानातला कमी फॅटचा गोड कप: फॅट दीड, प्रथिनं साडेतीन, साखर चौदा. बेरीज ८३-८४. वजनाच्या नावाखाली मी जे वाचवलं ते आठ-नऊ उष्मांक, आणि त्या बदल्यात साखर तिप्पट घेतली. डेअरीवर असा सौदा कुणी माझ्याशी केला असता तर मी त्याला चहा न पाजता परत पाठवला असता.

एक गोष्ट इथं सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारा म्हणेल की आता दुकानातलं सगळंच वाईट. तसं नाही. साधं, बिनसाखरेचं, डबल टोन्ड दुधाचं पाकीट घेतलं तर त्यात फॅट दीड टक्का, आणि १०० ग्रॅमला पंचेचाळीसच्या आसपास उष्मांक. म्हशीच्या दह्याच्या निम्मे. वजन उतरवायचं असेल तर ही फार मोठी सोय आहे. टोन्ड दूध ही मुळात आपल्याच मुंबईची युक्ती. आरे दूध योजनेच्या दारा खुरोडींनी म्हशीच्या दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून फॅट ३ टक्क्यांवर आणली, ती १९४६ च्या सुमाराला. शहरातल्या गरिबाला स्वस्तात दूध मिळावं म्हणून. वजन कमी करणं तेव्हा कुणाच्या मनात नसेल. आज तीच युक्ती आमच्यासारख्या सुटलेल्या पोटांच्या कामाला येते. ज्याच्या दारात म्हैस नाही त्यानं खुशाल असलं साधं पाकीट घ्यावं आणि पुढचं चित्र न बघता मागची ओळ बघावी. घातलेली साखर शून्य असेल तर घ्यावं. एवढीच चाचणी, आणि तिला गंधकाम्ल लागत नाही.

पण माझं मत एका उडीत बदललं नाही. मधे मी दुसऱ्या टोकाला जाऊन आलो.

२०१८ च्या आसपास आपल्याकडं जो आहाराचा वाद पेटला होता तो पुष्कळांना आठवत असेल. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित, ते तेव्हा लातूरला वैद्यकीय महाविद्यालयात होते, त्यामुळं मराठवाड्याला ते आपल्या घरचेच. दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, मधे काही नाही. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर: थोडं थोडं पण वरचेवर खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. आमच्या डेअरीच्या कट्ट्यावर दोन्ही पक्ष बसायचे. एकजण घड्याळ बघून जेवायचा, दुसरा खिशात शेंगदाणे ठेवायचा. गंमत अशी की दोन्हीकडं आमचा माल चालत होता. दीक्षितांच्या मधल्या वेळात पातळ ताकाला मुभा, दिवेकरांकडं घरी विरजलेल्या दह्याचं कौतुक.

तो सगळा वाद माझ्या डोक्यात तळाशी पडून होता. कप सुटल्यावर तो वर आला आणि मी मनाला सोयीचं तेवढं त्यातून उचललं. घरचं ते चांगलं, आजे-पणजे हेच खात होते, त्यांना कुठं साखर होती. असं म्हणत म्हशीचं दही परत ताटात आलं, आणि सायीसकट आलं. मोठी वाटी. धपाट्याबरोबर आणखी एक. साखर तेवढी वर गेली नाही, हे खरं. साध्या दह्यानं ती हळूच चढते. आंबटपणा आणि प्रथिनं पोट लवकर रिकामं होऊ देत नाहीत, त्यामुळं धपाट्याचं पीठही जरा सावकाश उतरतं. पण वजनाचा काटा जागचा हलेना. साईचं दही वाटीभर जास्त खायचं आणि बाकी ताट तसंच ठेवायचं, तर हलणार कसा?

'आजे-पणजे हेच खात होते' या वाक्यावर मी बरेच दिवस खूश होतो. मग एकदा आईशी बोलताना ते वाक्य ढासळलं. आई नव्वदीकडं झुकली आहे, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. मी विचारलं, तू लहानपणी दही किती खायची गं? ती म्हणाली, "दही? दही कोण खाऊ देतंय बाबा. दह्याचं लोणी व्हायचं, लोण्याचं तूप व्हायचं, तूप बाजारात जायचं. आपल्याला ताक."

खरंच की. आमच्या घरात डेरा आणि रवी मी पाहिलेली. पहाटे घुसळण, लोण्याचा गोळा निघाला की तो छपरातल्या शिंक्यात. तूप म्हणजे रोख पैसा. मिठाची, कापडाची, लग्नाच्या अंतरपाटाची सोय त्यातून व्हायची. घरच्या माणसांच्या वाट्याला काय यायचं, तर लोणी काढून घेतलेलं, पाणी घातलेलं ताक. ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात ताक, वर मीठ, हिरवी मिरची. उन्हाळ्यात तेच आंबील. दह्याची वाटी पुढ्यात यायची ती पाहुणा आला तर, नाहीतर सप्ताहाच्या काल्याला लाह्यांत कालवून. परगावी निघालेल्याच्या तळहातावर चमचाभर, तेही साखर घालून, पण चमचाभरच.

म्हणजे ज्या आजोबाच्या नावानं मी साईचं दही ओरपत होतो तो आजोबा अत्यंत कमी फॅटचं दुग्धजन्य पेय पीत होता आणि वर दिवसभर औत हाकत होता. फॅट त्यानं दुसऱ्याला विकली. गरजेपोटी विकली, तब्येतीचा विचार करून नाही, हे मला मान्य आहे. त्या गरिबीचे गोडवे गायचं मला काही कारण नाही. कण्या-ताकावर वाढलेल्या पोरांचे हातपाय काडीसारखे असत. पण 'परंपरा' म्हणून जे सांगायचं ते निदान खरं असावं. आमच्या भागातली परंपरा वाटीभर दह्याची नव्हती, ती लोटाभर ताकाची होती.

इथं गावातले एक माळकरी बुवा मधे पडले. नर्सी नामदेव आमच्याच जिल्ह्यातलं. ज्या गावचा पोरगा विठ्ठलाला दूध पाजल्याशिवाय हटला नाही अशी कथा आहे, त्या मुलखात दूध-दह्यावर बोलायला प्रत्येकालाच अधिकार वाटतो. बुवांचं म्हणणं, आयुर्वेदात दह्यानं प्रमेह होतो असं लिहिलंय, तर तू दही-ताक दोन्ही सोड. त्यांनी सांगितलेलं खोटं नव्हतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचा अध्याय आहे, त्यात रोगाची कारणं मोजताना दही येतं. पण मी ओळखीच्या वैद्यांकडून ती यादी पूर्ण समजून घेतली. तिच्यात पहिलं कारण आरामात बसून राहणं, दुसरं सुखाची झोप, दह्याचा नंबर त्यानंतरचा. पुढं मांस, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. बुवा बसण्याबद्दल काही बोलले नव्हते. ते स्वतः दिवसभर पारावर बसलेले असतात. शिवाय आयुर्वेदात ताकाला दह्यापेक्षा फार वेगळी, मानाची जागा आहे. दोघांना एका दाव्यात बांधता येत नाही. त्या यादीतून मी एवढंच घेतलं की दह्याला एकट्याला पिंजऱ्यात उभं करायचं नाही, पण ते वाटेल तितकं निर्दोष आहे असंही समजायचं नाही.

दुसऱ्या बाजूनं पुतणीनं परदेशातला अभ्यास सांगितला. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी तीन मोठ्या गटांतल्या लोकांच्या आहाराच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या. त्या आणि इतर अभ्यासांचे आकडे एकत्र तपासून २०१४ मध्ये त्यांनी छापलं की रोज २८ ग्रॅम योगर्ट जास्त खाण्याचा संबंध टाइप २ मधुमेहाचा धोका १८ टक्क्यांनी कमी असण्याशी दिसतो. मार्च २०२४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं आठवड्याला निदान दोन कप योगर्ट खाल्ल्यानं हा धोका कमी होऊ शकतो असं पाकिटावर छापायला परवानगी दिली; मात्र पुरावा मर्यादित आहे, हेही सोबत छापायची अट घातली. अर्ज केला होता डॅनोननं, म्हणजे योगर्ट विकणाऱ्या कंपनीनंच.

ही बातमी ऐकून पूर्वी मी उड्या मारल्या असत्या. आता मला त्यात दोन-तीन गोष्टी टोचतात. एक, २८ ग्रॅम म्हणजे दोन चमचे. मी खात होतो ती वाटी कुठं आणि ते कुठं. दोन, योगर्ट खाणारा अमेरिकन माणूस चालतही जास्त असेल, सिगारेट कमी ओढत असेल. संशोधक असले फरक हिशेबात धरायचा प्रयत्न करतात, पण नोंदी बघून केलेल्या अभ्यासात दही हेच कारण, असं छातीठोक म्हणता येत नाही. तीन, हे सगळं ज्यांना मधुमेह नाही त्यांना तो होऊ नये याबद्दलचं. मला झालेला आहे. आणि त्या परवानगीत गोड योगर्ट वेगळं काढलेलं नाही, ही तर मला सरळ पळवाट वाटते. तरी या अभ्यासांनी माझी एक भीती काढली: साधं दही हे साखरेच्या माणसाला विष नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीतून निघालं की भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींना तो होण्याच्या उंबरठ्यावरची साखर. इतक्या लोकांना 'दही बंद' म्हणून सांगणं मला तरी पटत नाही. भाकर-भाजीच्या ताटात प्रथिनाला आधीच जागा कमी. शाकाहारी घरात वरण आणि दही काढून घेतलं तर उरतं काय? मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि माळकऱ्याला ते जे काय थोडंफार मिळतं ते दूध-दह्यातूनच. बुवांना मी हे सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

तर आता माझं मत काय आहे? फॅट हा वजनाचा प्रश्न आहे, साखर हा साखरेचा, आणि दोन्हीचं उत्तर शेवटी वाटीच्या आकारात आणि ताटातल्या शेजाऱ्यात सापडतं. हे डेअरीवरच्या दरपत्रकासारखं एका आकड्यात बसत नाही, याचा मला सुरुवातीला त्रास झाला.

घरी आता माझ्यासाठी दूध तापवून, गार करून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून साय पूर्ण काढतात. म्हशीच्या दुधाची साय एकदा काढली तरी फॅटचा चांगला हिस्सा निघून जातो. दोनदा तापवून काढली तर आणखी. मग विरजण. असं दही जरा सैल लागतं, चव थोडी उतरते, खोटं कशाला बोलू. ते मी जेवणाच्या सुरुवातीला, काकडी किंवा मुळा किसून, भाकरीबरोबर खातो. लहान वाटी, वेगळी काढून ठेवलेली, म्हणजे 'अजून जरा' म्हणायला पातेलं समोर नसतं. भाताबरोबर दही खायचो तेव्हा भात आपोआप दुप्पट व्हायचा. दह्यानं भात सुखानं घशाखाली जातो, हाच त्यातला धोका. दोष दह्याचा नसतो, पण ते साथीदार असतं.

काहीजण म्हणतात दही खूप आंबू द्या, म्हणजे साखर संपते. संपत नाही. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा पाव हिस्सा, फार तर थोडा अधिक, खाऊन आम्ल करतात. ते इतकं आंबट होतं की त्यांचं स्वतःचंच काम मंदावतं. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर गेला की दही दुपारपर्यंत तोंडात धरवत नाही, तरी त्यात साखर शिल्लक असतेच. आंबट चवीवरून साखर जोखणं हे पिवळ्या रंगावरून फॅट जोखण्यासारखं आहे. आमच्याकडं येणारे नवे शेतकरी ते करायचे.

ग्रीक योगर्ट म्हणून जे महाग डबे शहरात मिळतात त्याबद्दलही मला विचारतात. ते म्हणजे दही गाळून निवळ काढून टाकलेलं, आपला चक्काच. निवळीबरोबर लॅक्टोजचा काही भाग निघून जातो, प्रथिनं दाट होतात, १०० ग्रॅमला आठ-दहा ग्रॅमपर्यंत जातात, पोट भरल्यासारखं राहतं. साखरेच्या माणसाला ही चांगली गोष्ट आहे. पण म्हशीच्या पूर्ण दुधाचा चक्का बांधला तर त्याबरोबर फॅटही दाट होते, दुप्पट. वजन उतरवणाऱ्यानं साय काढलेल्या दुधाचाच बांधावा. निवळ फेकत नाहीत, तिच्यात धपाट्याचं पीठ मळतात. आणि चक्का बांधला की घरात कुणीतरी श्रीखंडाचं नाव काढतंच. चक्क्याच्या जवळपास बरोबरीनं साखर पडते त्यात. पाडव्याला मी चमचाभर चाटतो आणि उठतो. उठणं सोपं जात नाही.

उपासाचं दही हा मात्र मला अजून न सुटलेला तिढा. औंढ्याच्या महादेवाला श्रावणात दर सोमवारी गर्दी असते, आमच्या घरात सगळ्यांचा सोमवार. साबुदाण्याची खिचडी आणि वर दही. दही घातलं म्हणून साबुदाण्याचा पिठूळपणा जात नाही, ग्लुकोमीटर ते ताबडतोब सांगतो. भगर थोडी बरी म्हणावी तर तीही किती खातो त्यावर. डॉक्टर म्हणतात गोळ्या चालू असताना उपास विचारून करा. बायको म्हणते देवाला विचारून करा. मी सध्या नुसतं ताक आणि मूठभर शेंगदाणे यांवर सोमवार काढतो, आणि संध्याकाळी वेळेवर सोडतो.

ताक मात्र भरपूर पितो, आणि त्याबद्दल मला बुवा सोडले तर कुणी हटकलं नव्हतं, अगदी परवापर्यंत. वाटीभर दह्यात तीन वाट्या पाणी, मीठ, जिरं, कोथिंबीर, आणि आमच्याकडं हळदीचा मुलूख म्हणून कुणी चिमूटभर हळदही टाकतं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिनं साखरही बरी होते असं सांगणारे वाढलेत. तसं असतं तर वसमतच्या मोंढ्यात एकाही हमालाला गोळी लागली नसती. परवा उपकेंद्रात रक्तदाब जास्त आला. सिस्टरनं विचारलं, मीठ कशाकशात खाता. भाजी सांगितली, लोणचं सांगितलं, पापड सांगितला. ताकाचं मी बोललो नाही, बायको बोलली.

आता ताकात मीठ घालायचं की नाही यावर घरात दोन पक्ष आहेत. आई म्हणते बिनमिठाचं ताक वासराला पाजतात. पुतणीला फोन केला तर ती म्हणाली, पुदिना आणि जिरं वाढवा, मीठ एका पेल्याला चिमटीवर आणा, दोन आठवड्यांनी पुन्हा दाब मोजून मला कळवा. मोजायला सोमवारी जायचं आहे.